बैलाच्या पंगतीत

आमच्या घरात बैल आधी जेवायचे. पहाटे आई चुलीवर कुळीथ शिजत ठेवायची, त्यात तांदळाची कणी आणि पेंड कालवून आंबोण तयार व्हायचं, आणि बाबा ते घमेल्यातून गोठ्यात नेऊन ठेवायचे. बैलांची तोंडं घमेल्यात गेली की मगच माणसांच्या पेजेला हात लागायचा. माणसांतही ओळ ठरलेली होती. पहिले आण्णा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ आणि घराचे कर्ते. त्यांच्यानंतर बाबा, मग माझे भाऊ, मग आई आणि काकी, आणि सगळ्यांचं आटोपल्यावर टोपाच्या बुडाला लागलेलं खरवडत मी. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. किन्हवलीच्या पलीकडे, मुरबाडच्या हद्दीला लागून असलेल्या आमच्या गावात घरोघरी असंच चालायचं, आणि बैलाला आधी घालणारा शेतकरी चांगला असं सगळेच मानायचे. आजही कुठे कुळीथ शिजल्याचा वास आला की मला गोठ्यातली ती लपलप ऐकू येते आणि पोटात भूक उभी राहते. मी त्या ओळीच्या तळातून उठून एकदम वर कशी आले आणि ती जागा मला कुणी करून दिली, ते सांगताना मला अजून मजा वाटते.

याला कारण झाला येसूमामा. तो आईचा चुलतभाऊ, आमच्याच गावातला. उमेदीची सगळी वर्षं त्याने जहाजावर इंजिनाचं तेलपाणी बघण्यात घालवली आणि केस पिकायला लागल्यावर तो गावी परतला. लोकांना वाटलं होतं, हा टेपरेकॉर्डर आणील, अत्तरं आणील. मामाने आणली एक लोखंडी ट्रंक आणि लुंगीत गुंडाळलेली वेताच्या काठ्यांची मोळी. हातभर लांबीच्या, विस्तवावर शेकून तांबूस झालेल्या त्या काठ्या बघून पारावरची माणसं महिनाभर हसत होती. "येश्या, आपलं अख्खं जंगल पडलंय रं इथं, आन तू काठ्या परदेशातनं आणल्यास?" मामा पण हसायचा. जहाजावर त्याच्यासोबत कामाला बहुतेक फिलिपिनी होते, आणि त्यांच्यातल्या नेस्टर नावाच्या एका माणसाने संध्याकाळी काम सुटल्यावर त्याला डेकवर ही विद्या शिकवली होती. तिकडे तिला अर्निस म्हणतात, कुणी एस्क्रिमा म्हणतं. आमच्या गावाने तिचं नाव 'फिलिपिनी लाठी' ठेवलं आणि तेच टिकलं.

भात झोडून झालं की आमचं खळं मोकळं व्हायचं. तिथे मामाने पोरांना जमवलं. पहिल्या आठवड्यात गावातली निम्मी पोरं आली, दुसऱ्या आठवड्यात मनगटं सुजल्यावर ती क्रिकेटकडे परत गेली. मी शेण गोळा करायचं निमित्त काढून बघायला जायची. पोरं पांगली आणि मामासमोर उभं राहायला कुणी उरलं नाही, तेव्हा त्याने माझ्याकडे काठी फेकली. मी ती झेलली. त्या झेलण्याचा मला आजही अभिमान आहे, कारण मी घाबरून मागे सरकले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. दोन हातांत दोन काठ्या घेऊन समोरच्याच्या काठ्यांवर आडवं-तिरपं वाजवत जायचा एक प्रकार होता, त्याला सिनावाली म्हणतात. मामाने त्याचा अर्थ विणकाम असा सांगितला. आमच्याकडे कुडाच्या भिंतीसाठी बांबूच्या कामट्यांचा तट्टा विणतात ना, तसाच तिकडेही विणतात, आणि त्याच्यावरून हे नाव आलं. एक कामटी वरून, एक खालून. हे ऐकल्यावर माझे हात आपोआप चालायला लागले. खट-खट, खट-खट असा तो आवाज संध्याकाळी सगळ्या आळीत जायचा, आणि काकी ओटीवरून ओरडायची, "कुंदे, भाताचं आधण उतू गेलं, तुझं वाजवणं पुरं कर गो!"

पायांचं शिक्षण मात्र मला आईकडून मिळालं, आणि तेही शिव्यांतून. मामा खळ्यावर रांगोळीने त्रिकोण काढायचा आणि त्याच्या टोकांवर पाय टाकत सरकायला लावायचा. आई ते खळं शेणाने सारवायची, आणि आम्ही पाय घासले की सारवणाचे पोपडे निघायचे. एके दिवशी ती झाडू घेऊनच उभी राहिली. "काय नाचायचं ते नाचा, पण माजं सारवण उकलंल तर दोघांच्या पाठीवर काठी मोडीन. मामाबिमा बघणार नाय." मामाने गंभीरपणे हात जोडले आणि त्या दिवसापासून नियम केला की सारवण हललं नाही पाहिजे. पाय टेकवायचा, पण घासायचा नाही. भार टाकायचा, पण आपटायचा नाही. हे जमायला मला पुढचा अख्खा हंगाम लागला. हल्ली शहापूरला पत्र्याच्या शेडमध्ये मी मुलींना शिकवते, तेव्हा फरशीवर त्यांचे पाय धपाधप वाजले की माझ्या तोंडून आईचंच वाक्य निघतं. उंबरमाळीकडच्या पाड्यांवरून येणाऱ्या दोघी आहेत, त्यांना ते न सांगताच कळतं. त्यांच्या घरी अजून सारवण आहे.

मामाचं दुसरं शास्त्र होतं अंगाचं, आणि घरात ठिणगी पडली ती त्याच्यावरून. पहाटे असो की संध्याकाळी, काठी घेण्याआधी तो मनगटं, कोपर, खांदे, गुडघे सगळं फिरवून घ्यायचा आणि झाल्यावर खुरासणीच्या कोमट तेलाने मनगटं चोळायला लावायचा. "काठी मोडली तर दुसरी आणता येतंय. मनगट नाय आणता येत," असं तो रोज सांगायचा. उपाशीपोटी चहा नको, झोप मोडून अभ्यास नको, पाळीच्या दिवसांत अंग म्हणेल तेवढंच. हे शेवटचं तो आईला सांगायचा आणि आई मला. आणि मेहनत झाली की लगेच जेवण. आता हे 'लगेच' आमच्या ओळीत बसत नव्हतं. मामाने ओटीवर बसून आण्णांसमोर विषय काढला तेव्हा काकीच्या हातातला डाव थांबला. आण्णा म्हणाले, "बापयांच्या आधी पोर जेवणार? ह्या घरात?" तेव्हा कधी थोरल्या भावासमोर तोंड न उघडणारे माझे बाबा खाली बघत म्हणाले, "आण्णा, बैल आपल्या आधी जेवतो, त्याला आपण काय म्हणतो काय? जो राबंल तो आधी खाईल. हिला बैलांच्या पंगतीत धरा." आण्णांनी सुपारी कातरता कातरता बराच विचार केला आणि त्यांना यात काही खोट सापडली नाही. दुसऱ्या दिवसापासून आई कुळथाच्या टोपातून आंबोण कालवण्याआधी एक वाटी बाजूला काढायला लागली. त्यात मीठ आणि लसणीची फोडणी पडायची. बैलांचं घमेलं आणि माझी वाटी एकाच वेळी भरायची, आणि घरातले पुरुष आमचं होईपर्यंत थांबायचे.

असं चाललं होतं तोवर माझी बारावी झाली, आणि मुरबाडकडच्या एका बऱ्या घरातून स्थळ सांगून आलं. आण्णांना ते पसंत होतं. पण पाहुणे येऊन गेले त्या दिवशी चहाचा कप पुढे करताना माझ्या हातावरचे काठीचे वळ मुलाच्या वडिलांनी बघितले आणि ते नुसतेच हसले. त्या हसण्याने आण्णांची झोप उडाली. त्यांनी मला आणि मामाला ओटीवर बोलावलं. "बास झालं आता. म्हशाच्या जत्रेत पाहुण्यांना शब्द द्यायचाय. काठ्या माळ्यावर टाक." मामा म्हणाला, जत्रेच्या आधी कल्याणला एका शाळेच्या हॉलात काठीच्या खेळांची स्पर्धा आहे, तेवढी खेळू द्या. आण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी रडत नव्हते, पण माझा जबडा घट्ट झाला असावा. ते म्हणाले, "बरं. नंबर आणलास तर काठी तुजी. नाय आणलास तर माळा. मंग मला परत बोलायला लावू नको." मला लग्नाची भीती नव्हती. काठी नसलेल्या आयुष्याची होती, आणि ती मी तेव्हा कुणाला सांगू शकले नाही.

नेमका त्याच महिन्यात आमचा पवळ्या म्हशाच्या जत्रेतल्या बैलबाजारात विकायला निघायचा होता. पवळ्या म्हणजे बाबांनी वासरापासून वाढवलेला तांबडा बैल. ज्या बैलाला जत्रेत उभं करायचं त्याला आमच्याकडे आधी औताला लावत नाहीत. त्याला विसावा देतात, रोज धुतात, शिंगांना तेल लावतात, आंबोण वाढवतात, म्हणजे अंगावर तुकतुकी येते आणि गिऱ्हाईक लांबूनच वळतं. बाबांना हे काम जिल्ह्यात कुणापेक्षा कमी येत नव्हतं. मी पण परीक्षेलाच निघाले आहे हे त्यांनी मनावर घेतलं, आणि त्यांना जे शास्त्र ठाऊक होतं ते त्यांनी माझ्यावर चालवलं. माझं पाणी भरणं बंद झालं, लाकडं आणणं बंद झालं. कुळथाची वाटी गेली आणि तिथे तांब्या आला. सकाळी गावठी अंडी, दुपारी तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण, संध्याकाळी गूळ घालून तिळाचा लाडू, झोपताना दूध. मामा नेमका तेव्हा जहाजाच्या ऑफिसातल्या कामासाठी मुंबईला अडकला होता. "खा गो, अंगाला लागू दे," बाबा समोर बसून म्हणायचे आणि मी खायची. इतक्या प्रेमाने मला कधी कुणी वाढलं नव्हतं. माझी सगळी कामं त्या दिवसांत आई करत होती. ती पाठ धरून विहिरीवरून यायची.

कल्याणच्या त्या हॉलात आम्ही तिघं पोचलो, मामा, बाबा आणि मी. दारातच वजनाचा काटा ठेवला होता. मुलींचे वजनावर गट पाडलेले असतात हे मामाने आम्हाला सांगायचं राहून गेलं होतं, आणि मामाने माझं नाव सगळ्यात हलक्या गटात घातलं होतं, कारण मी तशी काटकुळीच होते. मी काट्यावर उभी राहिले. काटा थरथरत पुढे गेला आणि गटाची रेघ ओलांडून थांबला. बाबा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू! "वाडलं!" ते मामाला म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं? महिन्यात वाडलं!" मामाने डोक्याला हात लावला. काट्याजवळ बसलेले पंच म्हणाले, "या गटात बसत नाही. तासाभरात उतरवून आणलं तर बघतो, नाहीतर वरच्या गटात खेळावं लागेल." शेजारी दोन मुली घाम काढून वजन उतरवायला स्वेटरवर स्वेटर घालून मैदानात धावत होत्या, एक पाणी तोंडात घेऊन थुंकत होती. हळूहळू बाबांना कळलं की इथे जड होणं हा गुण नव्हे. त्यांच्या सगळ्या हयातीत काट्यावर जास्त भरलेलं काही वाईट असतं, असा बाजार त्यांनी बघितला नव्हता.

मामा मला बाजूला घेऊन म्हणाला, "तहानेनं मारलेलं वजन म्हणजे आपल्याच अंगाशी लबाडी. ते मी करून देणार नाय. वर खेळायचं असंल तर खेळ, नाय तर परत जाऊ. तूच सांग." वरच्या गटातल्या मुली मी बघितल्या होत्या. मी जेमतेम त्यांच्या खांद्याला लागत होते. मी बाबांना शोधायला बाहेर गेले. ते नळाजवळ उकिडवे बसले होते आणि भाकरीचं फडकं त्यांनी मांडीवर घट्ट धरलं होतं. "माजं चुकलं गो कुंदा," ते म्हणाले. "मी तुला पवळ्यासारखी चारली." वडिलांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. त्याच क्षणी माझ्या मनातली भीती गेली. मी त्यांच्या शेजारी बसले. "बाबा, चारलेलं वाया नाय जायचं," म्हटलं, "सोडा ते फडकं." वजनाची काळजी आता उरलीच नव्हती. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या, वर कुळथाचं पिठलं खाल्लं, पोटभर पाणी प्यायले आणि वरच्या गटात नाव लिहायला गेले. स्वेटर घातलेल्या मुली माझ्याकडे बघत होत्या.

तिथे तोंडावर जाळीचं शिरस्त्राण, अंगावर जाड जाकीट आणि हातात मऊ वेष्टनाची काठी देतात. जाकिटाला आधीच्या खेळाडूंच्या घामाचा वास येत होता. माझ्यासमोर उभी राहिलेली पहिली मुलगी शहरातली होती, उंच, स्वतःचं सामान घेऊन आलेली. तिने पहिल्या झपाट्यातच माझ्या डोक्यावर काठी वाजवली आणि मला डोळ्यांपुढे पिवळं दिसलं. तिच्या काठीला मी अडवत राहिले असते तर हरलेच असते. पण मामाने एक गोष्ट आमच्या रानातल्या भाषेत शिकवली होती, नेस्टरने त्याला शिकवली तशीच. सापाच्या अंगाशी झुंजू नये, आधी दात काढावा. काठी धरलेला हात हाच दात. ती पुढे आली की मी त्रिकोणाच्या टोकावर पाय टाकून बाजूला व्हायची, सारवण न उकलता, आणि तिच्या हातावर मारायची. ती चिडली, आणखी जोरात आली. माझ्या पायाखाली कल्याणची फरशी होती, पण माझे पाय आईच्या खळ्यावर होते. शेवटी तिच्या मनगटाला माझ्या काठीचा असा पेच बसला की तिची काठी सुटून थेट पंचांच्या टेबलाखाली गेली. आणि तिच्याएवढ्या मुलीचा धक्का मी पाय न हलवता पचवला होता. महिन्याभराच्या चाऱ्याशिवाय ते झालं नसतं. हे मामानेच नंतर कबूल केलं.

त्यानंतर आणखी एक लढत जिंकले, आणि शेवटची हरले. जिच्याशी हरले ती माझ्यापेक्षा चांगली होती, याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही. माझा दुसरा नंबर आला. बाबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी पुढे येऊन सगळ्या लोकांसमोर माझा उजवा हात हातात घेतला, बोटं एकेक करून वाकवून बघितली, मनगट फिरवून बघितलं, आणि मोडलेलं काही नाही अशी खात्री झाल्यावर सोडला. घरी पोचलो तेव्हा आण्णा ओटीवर होते. मी काही सांगण्याआधी बाबा म्हणाले, "आण्णा, मी चारून चारून हिचं वजन वाडवलं, म्हणून ही मोठ्या पोरींत खेळली. आन दुसरी आली." आण्णांनी सगळं परत एकदा सांगायला लावलं. काट्याची गोष्ट आली तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. काठीबद्दल मात्र ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. त्या संध्याकाळी मी आईला पाटावर बसवलं आणि तिची पाठ खुरासणीच्या तेलाने चोळली. ती आधी लाजली, मग झोपलीच. महिनाभर माझी कामं ओढताना तिला कुणी विसावा दिला नव्हता, आणि बैलालासुद्धा मिळणारी गोष्ट तिला मिळत नाही हे मला त्या दिवशी धडधडीत दिसलं. तिला आता गुडघ्यांचा त्रास आहे. रोज सकाळी मी माझ्या मनगटांच्या आधी तिचे गुडघे चोळते.

म्हशाला आम्ही सगळेच गेलो. घोंगड्यांचे ढीग, भज्यांचा धूर, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा नाद, आणि पवळ्याभोवती गिऱ्हाइकांची गर्दी. त्या गर्दीतून मुरबाडचे पाहुणे आले, मुलाचे वडील आणि त्यांचे भाऊ. आण्णांनी त्यांना घोंगडीवर बसवलं, चहा मागवला आणि ज्या आवाजात ते पवळ्याचं कौतुक करत होते त्याच आवाजात म्हणाले, "आमची पोर कल्याणला खेळून आली. वजनानं वरच्या गटात! तिच्याहून मोठ्या पोरींना लोळवलंन." मी आईच्या मागे उभी होते, माझे कान तापले. मुलाचे वडील पहिल्यासारखेच हसले. "चांगलं हाय की. पण लग्न झाल्यावर सोडंल ना ती? आमच्याकडं सुनांनी काठ्या फिरवल्याली आमी बघितलेली नाय." आता आण्णा शब्द देणार असं मला वाटलं. आण्णांनी कपातला चहा संपवला, कप खाली ठेवला आणि पवळ्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. "हे जनावर विकायला आणलंय," ते म्हणाले, "ह्याचं काय ते बोला. पोरीची काठी तिची हाय, तिनं ती खेळून घेतलीया. सोडायला सांगायचं असंल तर दुसरं घर बघा."

त्यांनी खरंच दुसरं घर बघितलं. पवळ्या त्या दिवशी चांगल्या माणसाकडे गेला, बाबा त्याच्या मानेला मिठी मारून रडले, आणि आम्ही रिकामा कासरा घेऊन घरी परतलो. दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात एकच बैल होता. आईने कुळथाचा टोप उतरवला, माझी वाटी भरली आणि मी चुलीपुढे बसले. तेवढ्यात आण्णा आत आले, माझ्याकडे बघितलं, आणि पेजेची वाट बघत भिंतीला टेकून बसले. "सावकाश खा," ते म्हणाले, "मला घाई नाय."